सुखोईच्या मागच्या आसनाचा प्रश्न

टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात मध्यंतरी हवाई युद्धाच्या बदलत्या तंत्रावर व्याख्यान झाले. व्याख्यान तासाभराचे होते, प्रश्नोत्तरे त्याहून जास्त वेळ चालली. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण उठला आणि म्हणाला, "एका राफेलच्या पैशांत शेकडो ड्रोन येतात. मग वैमानिक हवाच कशाला?" टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतून हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी उठले. ते म्हणाले, "ड्रोन सीमेवर घिरट्या घालायला ठीक आहेत. समोर शत्रूचे विमान आले की तिथे माणूसच लागतो." पुन्हा तितक्याच टाळ्या पडल्या. घरी येताना मला त्या टाळ्यांचीच काळजी वाटत होती. एकमेकांना खोडून काढणारी दोन विधाने एकाच सभेला सारखीच पटत असतील, तर वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे असे समजावे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. माणूस की यंत्र, हा प्रश्न जगातल्या प्रमुख हवाई दलांनी मागे टाकला आहे. ऑस्ट्रेलियात बोइंगने बनवलेले 'घोस्ट बॅट' हे विनावैमानिक विमान २०२१ च्या फेब्रुवारीत उडाले. माणसाच्या विमानासोबत लढण्यासाठी बनवलेली अमेरिकेची दोन वेगवेगळी विनावैमानिक विमाने २०२५ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये आकाशात गेली. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 'कॅट्स वॉरियर' या अशाच सोबती यंत्राची पूर्णाकृती प्रतिकृती २०२१ च्या एरो इंडिया प्रदर्शनात मांडली आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे इंजिन जमिनीवर चालवून पाहिले. या सगळ्यांमागची कल्पना एकच आहे : एक वैमानिक आणि त्याच्या हुकमतीत दोन, तीन, चार यंत्रे. प्रश्न उरतो तो या दोघांमधल्या दुव्याचा. यंत्राला काय करायची मुभा द्यायची, माणसाने कोणता निर्णय हातचा सोडायचा नाही, आणि या जोडीचा सराव कधी सुरू करायचा? सराव आत्ता सुरू व्हायला हवा, अर्धवट तयार यंत्रांवर व्हायला हवा आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यातल्या लोहगाव तळावरच्या दोन आसनी सुखोई विमानाच्या मागच्या आसनापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आधी ही जोडी कशासाठी, ते पाहू. आजची हवाई लढाई बहुतेक वेळा नजरेपलीकडे होते. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपण ते अनुभवले. अशा लढाईत रडार चालू करणे म्हणजे अंधाऱ्या रानात हातातला कंदील पेटवण्यासारखे आहे. तुम्हाला समोरचा दिसतो, पण त्याआधी तुम्ही त्याला दिसता. वैमानिकाची कोंडी इथेच होते. पाहायचे तर प्रकट व्हावे लागते आणि लपायचे तर आंधळे राहावे लागते. विनावैमानिक विमान पुढे गेले, त्याने रडार चालू केले आणि दिसले ते मागच्या विमानाला कळवले, तर मागचा वैमानिक अंधारात राहून नेम धरू शकतो. कंदील एकाच्या हातात आणि धनुष्य दुसऱ्याच्या. कंदीलवाल्यावर वार झाला तर यंत्र जाईल, पण कुणाच्या घरी तार जाणार नाही.

आता त्या तरुणाच्या बाजूचे सगळ्यात बळकट मुद्दे घेतो, कारण ते हलके नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत 'हेरॉन सिस्टिम्स'च्या कृत्रिम बुद्धिमत्तेने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरवर पाच-शून्य असे हरवले. पाठोपाठ खऱ्या विमानात हा प्रयोग झाला आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेचे हवाई दल सचिव फ्रँक केंडल स्वतः त्या विमानात बसून उडाले. यंत्र थकत नाही, वळताना त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी येत नाही, त्याला मागे कुटुंब नाही. वैमानिक घडवायला वर्षे लागतात. आपल्या हवाई दलाला मंजुरी ४२ स्क्वाड्रनची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिल्यावर हाती उरल्या २९. ही दरी केवळ महागड्या विमानांनी लवकर भरणार नाही, हे मान्यच करायला हवे.

पण त्या पाच-शून्यकडे जवळून पाहा. त्या सिम्युलेटरमध्ये यंत्राला प्रतिस्पर्ध्याचा ठावठिकाणा क्षणोक्षणी अचूक माहीत होता. खऱ्या आकाशात हेच तर सगळ्यात अवघड असते. दिसतो आहे तो ठिपका शत्रूचे विमान आहे, आपले आहे, आमिष आहे की वाट चुकलेले प्रवासी विमान आहे? यंत्र जिंकले ते द्वंद्वात. लढाई म्हणजे द्वंद्वांची बेरीज नसते. कुठे जायचे, कुठे माघार घ्यायची, आज न लढणेच शहाणपणाचे आहे का, हे प्रश्न तिथे कुणी विचारलेच नव्हते.

शिवाय 'आता वैमानिक संपला' ही घोषणा नवी नाही. १९५७ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढली. यापुढे क्षेपणास्त्रांचे युग आहे, माणसाने चालवायच्या नव्या लढाऊ विमानांची गरज उरणार नाही, असा तिचा रोख होता. विमानांचे कित्येक प्रकल्प बंद पडले. जे 'लायटनिंग' विमान तेवढ्यापुरते वाचले, ते १९८८ पर्यंत सेवेत राहिले आणि ब्रिटन आजही वैमानिकाची विमाने उडवतो आहे. त्याआधी १८८० च्या दशकात फ्रेंच नौदलातल्या एका विचारपंथाने असेच ठरवले होते की स्वस्त, चपळ टॉर्पेडो बोटी महागड्या युद्धनौकांचा कायमचा निकाल लावतील. झाले काय? त्या बोटींना रोखायला नवी नौका निघाली, टॉर्पेडो बोटींची 'डिस्ट्रॉयर', आणि पुढे तिनेच स्वतःवर टॉर्पेडो चढवून बोटींचे कामही उचलले. स्वस्त शस्त्राने महागड्याला संपवले नाही, त्याला बदलायला लावले. ड्रोनही तेच करत आहेत.

दुसरी बाजूही तितक्याच आदराने ऐकली पाहिजे. त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या मनातला खरा आक्षेप शौर्याचा नव्हता. पुढे बोलताना त्यांनी तो सांगितलाच : "दुवा तुटला तर?" शत्रू जॅमिंग करणार, म्हणजे यंत्राकडे जाणारे रेडिओ-संदेश दाबून टाकणार. दुवा तुटलेले यंत्र एकतर निरुपयोगी असते किंवा धोकादायक. ५ ऑक्टोबर २०२४ ला युक्रेनच्या पूर्व भागात, कोस्त्यांतिनिव्हका शहराजवळ, रशियाचे एस-७० ओखोत्निक हे मोठे विनावैमानिक विमान ताब्याबाहेर गेले आणि रशियाच्याच लढाऊ विमानाला ते पाडावे लागले. अवशेष पडले ते युक्रेनच्या ताब्यातल्या प्रदेशात. सोबती म्हणून बनवलेल्या यंत्राला सोबत्यानेच मारावे लागले. याहून बोलका पुरावा विरोधकांना कुठे मिळणार? आणि हे दुखणे जुने आहे. १९४४ मध्ये अमेरिकनांनी जुन्या बाँबफेक्या विमानांत स्फोटके भरली. दोघे जण ते विमान वर न्यायचे, पॅराशूटने उड्या मारायचे आणि मागून येणारे मातृविमान रेडिओने ते पुढे हाकायचे. ती मोहीम फसली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींचे थोरले भाऊ जोसेफ १२ ऑगस्ट १९४४ ला त्यातच, उडी मारण्याआधी झालेल्या स्फोटात गेले.

तरीही हा आक्षेप शेवटी जोडीच्याच बाजूने उभा राहतो, असे मला वाटते. रेडिओच्या लहरी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतात. शेकडो किलोमीटर दूरच्या जमिनीवरील केंद्रातून आलेला हुकूम दाबणे शत्रूला सोपे जाते. वीस-तीस किलोमीटरवरून, अरुंद झोतात, समोर दिसणाऱ्या सोबत्याकडून आलेला हुकूम दाबणे फार अवघड जाते. जॅमिंग करणाऱ्याला स्वतः मोठ्याने ओरडावे लागते आणि ओरडणाऱ्याची जागा सापडते. आपली सीमा कुठली आहे, तेही आठवा. हिमालयात जमिनीवरच्या केंद्राला पुढच्या डोंगराआडचे काहीच दिसत नाही. उपग्रहामार्गे हुकूम पाठवता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि वेगवान झटापटीत तो वेळ नसतो. डोंगराच्या वर, यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात, आपला माणूस उडत असणे हाच त्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. म्हणजे जॅमिंगच्या भीतीने ड्रोन बाजूला ठेवायचे नसतील, आणि त्याच भीतीने यंत्राला सगळे निर्णय सोपवायचे नसतील, तर माणसाला जवळ न्यावे लागते.

पण माणूस जवळ आहे म्हणजे तो मोकळा आहे असे नाही. एकट्याने ताशी हजारभर किलोमीटरने विमान हाकायचे, शत्रूचे क्षेपणास्त्र चुकवायचे आणि त्याच वेळी तीन यंत्रांना कामे वाटायची, हे कुठल्याही माणसाकडून होणार नाही. इथे पुण्याचा संबंध येतो. १९९७ मध्ये सुखोई-३० भारतात आली ती लोहगावला आणि २००२ मध्ये तिची सुधारित एमकेआय आवृत्तीही दाखल झाली ती लोहगावलाच. पुढे ही विमाने नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. आज आपल्या हवाई दलाचा कणा असलेल्या या अडीचशेहून अधिक विमानांत दोन आसने आहेत. पुढचा उडवतो, मागचा शस्त्रे आणि रडार सांभाळतो. एके काळी हे दुसरे आसन म्हणजे वाढीव वजन वाटायचे. पाश्चात्त्यांची नवी विमाने एकआसनी होत गेली. आता चीनने आपल्या जे-२० या लढाऊ विमानाची दोन आसनी आवृत्ती काढली आहे आणि ते दुसरे आसन सोबतच्या ड्रोनसाठीच असावे असा जाणकारांचा कयास आहे. जे दुसरे मुद्दाम बनवत आहेत ते आपल्याकडे पंचवीस वर्षांपासून धानोरी-विमाननगरच्या गच्च्यांवरून दिसते आहे. सुखोईंच्या मोठ्या आधुनिकीकरणाची योजना आखली गेली आहे. नवे रडार, नवे संगणक, नवे पडदे येतील. मागच्या आसनाचा पडदा यंत्रांच्या तुकडीच्या प्रमुखाचा म्हणून आखला जाणार, की जुन्याच कामांची चकचकीत मांडणी होणार? हे आत्ता ठरले नाही, तर पुढची वीस वर्षे ते बदलता येणार नाही.

आणि पडदा आखून भागत नाही, हे आम्हा मराठी माणसांना सांगायची गरज पडू नये. पानिपतावर आपल्याकडे तोफा नव्हत्या का? होत्या, आणि उत्तम होत्या. इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीत मुरलेला सेनानी होता, त्याच्या पलटणी कवायती होत्या. १४ जानेवारी १७६१ ला गोल बांधून, तोफांच्या आणि गारद्यांच्या आडोशाने सरकत जायचे असे ठरले होते. सकाळी गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटलेही. पण घोडदळाला गोलात राहून पायदळाच्या चालीने चालायची सवय नव्हती. विंचूरकर आणि गायकवाडांची पथके पुढे झेपावली, गोल फुटला, आपलेच लोक तोफांच्या तोंडासमोर आले, असे त्या दिवसाच्या वर्णनांत आपण वाचत आलो आहोत. उलट अब्दालीने हलक्या जंबुरका उंटांवर चढवल्या होत्या. तोफ घोडदळाबरोबर धावत होती. पराभवाची कारणे अनेक आहेत, उपासमार तर आहेच, त्यामुळे सगळा दोष मी एका चुकीवर टाकणार नाही. पण नवे अस्त्र आणि जुने सैन्य यांची जोडी केवळ हुकमाने जमत नाही, हे त्यातून दिसते. घोडेस्वार शूर होते, तोफा चांगल्या होत्या, आणि दोघांनी एकत्र चालण्याची तालीम झालेली नव्हती. नवे यंत्र विकत घेऊन ते तयार स्क्वाड्रनला शेवटच्या क्षणी जोडून देणारा आजचा माणूस तीच चूक नव्याने करत असतो.

याच्या उलटे उदाहरण ९ जून १९८२ चे आहे. लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यात सीरियाची १९ क्षेपणास्त्र-ठाणी होती. इस्रायलने आधी विनावैमानिक विमाने पाठवली. त्यांतल्या काहींनी आमिष होऊन रडार चालू करायला लावले, काहींनी वरून चित्रे पाठवली आणि मागून आलेल्या वैमानिकांनी एका दिवसात १७ ठाणी उद्ध्वस्त केली. ती यंत्रे आजच्या मानाने अगदी साधी होती. यंत्रांच्या हुशारीवर ते यश उभे नव्हते. १९७३ च्या युद्धात क्षेपणास्त्रांनी जबर फटका दिल्यानंतर नऊ वर्षे त्यांनी या एकाच कोड्यावर घालवली होती.

आता सगळ्यात नाजूक भाग. गोळी झाडायचा निर्णय कुणाचा? "माणूस साखळीत हवा" असे सगळेच म्हणतात, पण तेवढ्याने भागत नाही. २३ मार्च २००३ ला इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या विमानविरोधी क्षेपणास्त्र-यंत्रणेने परतणारे ब्रिटिश टोर्नाडो विमान हे आपल्यावर येणारे क्षेपणास्त्र आहे असे ओळखले, तुकडीने ते मानले आणि विमानातले दोघे मेले. माणूस तिथे होता. पण पडद्यावर यंत्राने दिलेल्या नावावर शंका घ्यायला त्याच्याकडे ना वेळ होता, ना सवय. आणि आपले बडगाम? २७ फेब्रुवारी २०१९ ला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी नंतर उघडपणे मान्य केले. तिथे निर्णय माणसांचाच होता. तेव्हा माणूस ठेवला की चुका होणार नाहीत असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो की बडगामची चौकशी होऊ शकली, कारण कुणाला तरी विचारता येत होते. त्या निर्णयाला माणसे होती, पदे होती, उत्तरदायित्व होते. पुढे जाऊन रडार लावणे, आमिष होणे, जॅमिंग करणे, वाट काढणे, परत येणे, हे सगळे यंत्राने न विचारता करावे. शस्त्र सुटताना मात्र मागच्या आसनावरच्या, नाव आणि हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याने 'हो' म्हटलेले असावे, आणि 'नाही' म्हणायचा सराव त्याला 'हो' म्हणायच्या सरावाइतकाच मिळालेला असावा. अमेरिकेने शस्त्रांच्या स्वायत्ततेवर २०१२ मध्ये धोरण जाहीर केले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. ते पुरेसे आहे की नाही यावर तिथे वाद होतो, कारण ते वाचायला मिळते. आपल्याकडेही अशी चर्चा उघड कागदावर व्हायला हवी.

म्हणूनच एका कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. २९ आणि ४२ मधला खड्डा ड्रोनच्या आकड्यांनी भरून दाखवावा, असे हल्ली सुचवले जाते. असे करू नये. चार सोबती यंत्रे म्हणजे एक लढाऊ विमान, असला हिशेब मांडला की वैमानिकांची भरती आणि प्रशिक्षण पुढे ढकलायला निमित्त मिळते, आणि ज्याच्या हुकमतीत ती यंत्रे उडायची तोच कमी पडतो. 'मानवरहित' हा शब्दही इथे घात करतो. विमानात माणूस नसतो, पण इंजिन तपासणारा, दारूगोळा चढवणारा, दुव्याची सांकेतिक कळ बदलणारा, रात्री सॉफ्टवेअरची चूक शोधणारा माणूसच असतो. वैमानिकरहित म्हणावे, मानवरहित म्हणू नये.

लोहगावची धावपट्टी प्रवासी विमानांशी वाटून घेतलेली आहे. तिथून चाचणीची यंत्रे उडवावीत असे कुणीच म्हणणार नाही. त्यासाठी चित्रदुर्गची चाचणी-पट्टी आहे. आपल्या 'स्विफ्ट' या शेपटीविना पंखाकृती विमानाने १ जुलै २०२२ ला पहिली झेप तिथेच घेतली. पण सिम्युलेटरला धावपट्टी लागत नाही. लोहगावच्या स्क्वाड्रनमधल्या जोड्यांना आठवड्यातून काही तास काल्पनिक यंत्रे हाताळायला द्या, मुद्दाम दुवा तोडा, मुद्दाम खोटे ठिपके दाखवा, आणि त्यांच्या तक्रारी थेट यंत्र बनवणाऱ्यांपर्यंत जाऊ द्या. शेवटचे यंत्र तयार व्हायची वाट पाहू नका. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आज धावणारा कॅडेट २०४० नंतर स्क्वाड्रन सांभाळत असेल. त्याला तेव्हा ही विद्या नवी वाटता कामा नये.

त्या रात्री सभागृहाबाहेर तो तरुण दुचाकी काढत होता. मी त्याला विचारले, "तू सॉफ्टवेअर लिहितोस ना? मग सांग, दुवा तुटला तर पहिल्या चार सेकंदांत यंत्राने काय करायचे?" तो थोडा थांबून म्हणाला, "आल्या वाटेने परत फिरायचे." मागून ते निवृत्त अधिकारी येत होते, त्यांनी ते ऐकले. "अरे, आल्या वाटेने कसे? त्या वाटेवर मी नाही का येत?" तो म्हणाला, "मग उंची बदलू दे, सर." "किती? आणि ते मला कोण सांगणार, दुवा तर तुटलाय." त्याने दुचाकी पुन्हा स्टँडवर लावली. "आधीच ठरवून ठेवावे लागेल, सर. उडायच्या आधी." रखवालदार दिवे मालवत होता. ते दोघे पायरीवर बसले आणि अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढले.